सनरूम बाराही महिने: हीटर शेवटी, पाया आणि काच आधी

अमेरिकेत मिनेसोटासारख्या राज्यात 'तीन ऋतूंची' सनरूम (घराला जोडलेली, हिवाळ्यासाठी न बांधलेली काचेची खोली) जानेवारीत हीटर लावून २१ अंशांवर आणली, तरी काचेशेजारी बसवत नाही. बाहेर उणे १० अंश असताना एकेरी काचेची आतली बाजू साधारण उणे २ अंशांवर असते आणि अंगातली उष्णता प्रारणाने तिच्याकडे ओढली जाते. खोलीतली आर्द्रता ४० टक्के असेल तर ७ अंशांखालच्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरतं. काचेवर त्याचा बर्फ होतो. तो वितळला की पाणी चौकटीत मुरतं आणि खालचं लाकूड कुजतं.

उपाय म्हणजे दुहेरी काच, मध्ये आर्गॉन वायू आणि एका काचेवर 'लो-ई' लेप. हा लेप बहुधा चांदीचा, डोळ्यांना न दिसण्याइतका पातळ. उजेड आत येऊ देतो, खोलीतली उष्णता मात्र परत फिरवतो. त्याच थंडीत अशा काचेची आतली बाजू १५ अंशांच्या आसपास राहते. दक्षिणेला ऊन जास्त आत घेणारी काच घ्यावी, पश्चिमेला कमी घेणारी. नाहीतर जुलैच्या संध्याकाळी खोलीची भट्टी होते. लेप खरंच आहे का, हे लायटरच्या ज्योतीने कळतं: दुहेरी काचेत चार प्रतिबिंबं दिसतात, लेपावरच्या प्रतिबिंबाचा रंग वेगळा असतो. चौकट अॅल्युमिनियमची असेल तर तिच्यात थर्मल ब्रेक (आतल्या आणि बाहेरच्या धातूमधला, उष्णता अडवणारा तुकडा) हवाच.

पण काच मागवण्याआधी पाया तपासा. दुहेरी काचेचं वजन दुप्पट, ३ मिलिमीटरच्या दोन काचांचं चौरस मीटरला १५ किलो. पायाची खोली मिनेसोटाच्या दक्षिण भागात ४२ इंच आणि उत्तर भागात ६० इंच लागते. डेकचे (सनरूमखालच्या लाकडी ओट्याचे) खांब त्याहून उथळ असतील तर जमिनीतलं पाणी गोठताना ते वर उचलले जातात आणि चौकटी तिरक्या होतात.

खोलीची जमीन डेकवर असेल तर खालून वारा खेळतो. जॉइस्टांमध्ये (त्या जमिनीखालच्या आडव्या तुळयांमध्ये) नुसती फायबरग्लासची गादी कोंबली तर ती लोंबते आणि वारा तिच्यातून आरपार जातो. क्लोज्ड-सेल (बंद छिद्रांचा, हवा न जाऊ देणारा) फोम फवारून खालून प्लायवुडने बंद करावं. छतालाही पुरेसं इन्सुलेशन हवं.

एवढं झाल्यावर हीटर. १५ चौरस मीटर काचेतून ३१ अंशांच्या फरकाला एकेरी काच सुमारे २,६५० वॅट घालवते, नवी खिडकी ८०० च्या आत. जमीन, छत आणि फटींतून जाणारी उष्णता वेगळी मोजून, कडक थंडीत चालणारा मिनी-स्प्लिट (स्प्लिट एसीसारखा, खोली गरमही करणारा हीट पंप) निवडावा. घराच्या फर्नेसचा (मध्यवर्ती भट्टीचा) डक्ट, म्हणजे गरम हवेची नळी, इथे वाढवू नये. थर्मोस्टॅट आतल्या खोलीत असतो, त्याला सनरूममधलं ऊन किंवा गारठा कळत नाही. घर आणि सनरूम यांच्यामधला दरवाजाही काढू नये.

शेवटी वाऱ्याच्या दिवशी पेटती उदबत्ती घराची भिंत आणि सनरूम यांच्या जोडावरून फिरवावी. धूर वाकेल तिथे फट आहे. रुंद फटीत आधी फोमची दोरी दाबून मग सीलंट भरावं. नुसतं सीलंट थंडीत आकसून सुटतं.