गॅरेजात न सापडणारा आचका

"चेक इंजिनचा दिवा लागला? बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवा, जातो आपोआप." हा सल्ला सोलापुरात कुठल्याही चहाच्या टपरीवर फुकट मिळतो. दिवा जातो, हे खरं. दोन-चार दिवसांनी परत येतो, हेही खरं. वायर काढल्याने दुखण्याची नोंद पुसली जाते. दुखणं जागच्या जागी असतं. वर त्या नोंदीत काय लिहिलं होतं हे कळायची सोयही गेली.

सव्वा लाख किलोमीटर झालेली एखादी पेट्रोल गाडी घ्या. तक्रार ओळखीची आहे: पहिल्या-दुसऱ्या गिअरला उचलताना आचके देते, तुळजापूरच्या घाटात दम टाकते, रिव्हर्सला मात्र काही नाही. गॅरेजात उभी करून रेस केली की इंजिन सुतासारखं सरळ. मग ओळीने प्लग, कॉइल, पेट्रोलचा पंप आणि शेवटी क्लचप्लेट बदलली जाते. आचका तिथेच.

कारण समजायला इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, हिशेब कसा करतो ते पाहावं लागेल. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. आत किती हवा येते हे एअर फिल्टरच्या डब्याला लागून असलेला एअर फ्लो सेन्सर मोजतो. त्यावरून इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा हे ईसीयू ठरवतो. हिशेब जमला का, हे सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर सांगतो. पेट्रोल कमी पडून ऑक्सिजन उरला तर त्याचा व्होल्टेज ०.१ च्या आसपास उतरतो, पेट्रोल जास्त झालं तर ०.९ कडे चढतो. ०.४५ च्या अल्याड-पल्याड तो सारखा झोके घेत असला की समजावं, काम नीट चाललंय.

सेन्सरने "कमी पडतंय" म्हटलं की ईसीयू पेट्रोल वाढवतो आणि किती टक्के वाढवलं याची दोन खाती ठेवतो. यांना फ्युएल ट्रिम म्हणतात. शॉर्ट टर्म ट्रिम म्हणजे आज आमटी अळणी लागली म्हणून वरून घेतलेलं चिमूटभर मीठ. लॉन्ग टर्म ट्रिम म्हणजे रोजच अळणी लागतेय म्हणून शिजवतानाच वाढवलेलं मीठ. पाहायची ती दोन्हींची बेरीज. अधिक-उणे ५ टक्के म्हणजे तब्येत उत्तम, १० पर्यंत चालून जातं, +२५ च्या आसपास गेली की बहुतेक ईसीयू हात टेकतात, पी०१७१ (म्हणजे "पेट्रोल कमी पडतंय") हा कोड लिहितात आणि दिवा लावतात. कोड पडला त्या क्षणीचा वेग, आरपीएम, इंजिनचं तापमान आणि ट्रिम यांचा एक फोटोच ईसीयू जपून ठेवतो. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. बॅटरीची वायर काढणारा नेमका हाच पुरावा धुऊन टाकतो.

स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. त्यात बसणारा ब्लूटूथ अडॅप्टर हजार-पाचशेत मिळतो आणि आकडे मोबाइलवर दिसतात. इंजिन पूर्ण तापल्यावर तीन वेळा वाचन घ्या: आयडलिंगला, न्यूट्रलमध्ये २,५०० आरपीएम धरून, आणि रस्त्यावर चढाला.

समजा, आयडलिंगला बेरीज +२०, २,५०० ला +६. म्हणजे थ्रॉटलच्या (ॲक्सिलेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) पुढे, मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या) बाजूला कुठेतरी भोक आहे: ब्रेक बूस्टरची नळी, मॅनिफोल्डचं गॅस्केट, नाहीतर इंजिनचा श्वास परत आत नेणारी छोटी रबरी नळी. गणित सोपं आहे. १.२ लिटरचं इंजिन आयडलिंगला सेकंदाला साधारण २ ग्रॅम हवा घेतं. भोकातून सेन्सरने न मोजलेली ०.४ ग्रॅम जास्तीची आली तर चूक २० टक्के. २,५०० ला तेच इंजिन ७ ग्रॅमच्या आसपास घेतं, तिथे तीच ०.४ ग्रॅम म्हणजे जेमतेम ६ टक्के. उलट, आयडलिंगला आकडे शहाण्यासारखे आणि भार वाढेल तसे चढणारे असतील तर संशय पेट्रोलच्या पुरवठ्यावर घ्यावा: चोंदलेला फिल्टर, थकलेला पंप.

सुरुवातीच्या त्या आचके देणाऱ्या गाडीचं वाचन मात्र फसवं येतं. उभ्या गाडीत दोन्ही ठीक, रस्त्यावर उचलताना एकदम +१८. दिसायला पंपच वाटतो. इथे यावं लागतं फाउंडेशनकडे, म्हणजे इंजिनला चासीशी बांधणाऱ्या रबरी ठोकळ्यांकडे. आडव्या इंजिनाच्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत चाकांना जेवढा पीळ मिळतो, तेवढाच उलटा पीळ या ठोकळ्यांवर येतो. इंजिनचा पीळ, म्हणजे टॉर्क, ११० न्यूटन-मीटर धरा. पहिला गिअर त्याला ३.५ पट आणि पुढचा डिफरन्शियल ४ पट करतो, मिळून चौदापट, म्हणजे १,५०० च्या वर. चौथ्यात हाच आकडा ४५० च्या आत राहतो. न्यूट्रलमध्ये चाकांना काहीच जात नाही, म्हणून कितीही रेस करा, इंजिन जागचं फारसं हलत नाही.

सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ अंश असताना बॉनेटखालच्या रबराचं काय होत असेल ते सांगायला नको. फाउंडेशनचं रबर तडकतं. फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटलपर्यंत जाणारा घड्या-घड्यांचा एअर पाइपही कडक होतो आणि खालच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या घडीत त्याला चीर पडते. पहिल्या गिअरला गाडी उचलली की इंजिन मागे कलंडतं, पाइप ताणला जातो, चीर तोंड उघडते. सेन्सरने न मोजलेली हवा आत, पेट्रोल कमी, आचका. रिव्हर्सला इंजिन उलट्या दिशेने कलंडतं, चीर मिटते, गाडी गुपचूप मागे येते. आता पंपापासून हे वेगळं कसं काढायचं तेही कळेल: थकलेला पंप चौथ्या-पाचव्यात, वेगात, पूर्ण ॲक्सिलेटरला आधी मरतो, कारण पेट्रोलची खरी मागणी तिथे असते. चिरलेला पाइप पहिल्या-दुसऱ्यातच रडतो.

खात्री करायला बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा. एकाने ब्रेकवर पाय ठेवून पहिल्यात आणि मग रिव्हर्समध्ये क्लच अगदी थोडा सोडावा. दुसऱ्याने बाजूला उभं राहून, समोर नव्हे, इंजिन किती डोलतं ते पाहावं. दोन-अडीच सेंटिमीटरच्या वर डोललं तर फाउंडेशन गेलं. मग इंजिन बंद करून पाइप काढा, हाताने वाकवून एकेक घडी उजेडात बघा. गळती शोधायला काही जण अगरबत्तीचा धूर वापरतात. अगरबत्ती डॅशबोर्डवरच्या देवाला लावा, शेजारी लिंबू-मिरचीही असू द्या. पेट्रोलच्या नळ्यांजवळ निखारा नको. साबणाचं पाणी पुरतं.

एक अडचण: बऱ्याच छोट्या गाड्यांत हवा थेट न मोजता मॅनिफोल्डमधल्या दाबावरून काढतात. तिथे थ्रॉटलच्या अलीकडच्या चिरेने हिशेब चुकत नाही, फक्त धूळ आत जाते. आणि पलीकडचं भोक ट्रिम बिघडवण्याऐवजी आयडलिंग वाढवून ठेवतं. म्हणून आपल्या गाडीत कुठला सेन्सर आहे ते आधी पाहा.

क्लचप्लेटवर घाव घालण्याआधी तिलाही बोलू द्यावं. एका गिअरमध्ये आरपीएमला वेगाने भागलं तर उत्तर कायम राहायला हवं. चौथ्यात ६० किमीला २,००० असतील तर ३३. चढाला त्याच ६० ला २,४०० दिसले तर ४०, म्हणजे प्लेट घसरतेय. आचक्याच्या क्षणी दोन्ही आकडे एकत्र खाली-वर झाले, भागाकार ३३ च राहिला, तर क्लच निर्दोष आहे.

गिअर बदलताना करकर होत असेल तर ते वेगळं प्रकरण. क्लच दाबून पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. तरीही करकर झाली तर क्लच पूर्ण सुटत नाही. रिव्हर्स शांत आणि फक्त दुसरा गिअरच कुरकुरत असेल तर त्याची पितळी सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणारी कडी, झिजली. गिअरबॉक्सला मॅन्युअलमध्ये जीएल-४ दर्जाचं तेल लिहिलं असताना "भारी आहे" म्हणून जीएल-५ भरलं जातं. त्यातली गंधक-फॉस्फरसची जादा रसायनं तापल्यावर पितळ खाऊ शकतात, आणि तेल जास्तच निसरडं असल्याने रिंगची पकडही सुटते.

पाइप आणि फाउंडेशन दोन्ही बदला. नुसता पाइप बदललात तर डोलणारं इंजिन नवा पाइपही फाडेल. त्यानंतर मात्र स्कॅनरने कोड आणि ट्रिम पुसा, नाहीतर वाढवलेलं मीठ काही काळ तसंच राहील, बेरीज उण्यात जाईल आणि पेट्रोलचा वास येईल. तुळजापूरला जाऊन या आणि परत वाचा. शून्याऐवजी सगळीकडे सारखे +७ दिसले तर घाबरू नका. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या, उसापासून काढलेल्या इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, एका ग्रॅमला ९ ग्रॅम. शुद्ध पेट्रोलसाठी बेतलेल्या जुन्या गाडीला २० टक्के मिश्रणावर सात-आठ टक्के जास्त इंधन टाकावंच लागतं. ते +७ आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचेही असू शकतात.