रसायनाच्या धोक्याविरुद्ध हरित न्यायाधिकरणात अर्ज : बेळगाव सीमाभागासाठी माहिती

ओढ्याला फेस येतो, विहिरीच्या पाण्याला उग्र वास मारतो, जनावरं तोंड लावत नाहीत. तक्रार घेऊन गेलं की विचारतात, "त्याच कारखान्यामुळे झालं कशावरून?" इथेच खानापूर-निपाणीकडचा साधा शेतकरी गप्प बसतो. त्याने बसू नये. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण म्हणजे पर्यावरणाचे वाद ऐकणारं खास न्यायालय. त्याच्या 2010 च्या कायद्याच्या कलम 20 नुसार निकाल देताना सावधगिरीचं तत्त्व लावणं न्यायाधिकरणावर बंधनकारक आहे. म्हणजे गंभीर हानीचा धोका दिसत असेल, तर शास्त्रीय खात्री झालेली नाही या सबबीवर उपाय लांबवता येत नाहीत. वेल्लोरच्या चामडे कारखान्यांच्या खटल्यात 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग मानलं आणि आपलं काम निर्धोक आहे हे दाखवण्याचा भार उद्योगावर टाकला.

मात्र नुसत्या संशयावर अर्ज टिकत नाही, त्याला आधार लागतो. म्हणून आधी कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बेळगाव कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि पाण्याचा नमुना मंडळानेच घ्यावा असं स्पष्ट लिहा. खासगी प्रयोगशाळेचा अहवाल शंका दाखवायला उपयोगी पडतो, पण सांडपाण्याच्या नमुन्याची रीत जल कायदा 1974 च्या कलम 21 मध्ये ठरलेली आहे आणि ती पाळली नाही तर अहवाल पुरावा म्हणून टिकत नाही. कारखान्याचं संमतीपत्र (मंडळाने कारखाना चालवायला दिलेली परवानगी) आणि त्यातल्या अटी माहिती अधिकारात मागवा. माझ्या मते सगळ्यात मोलाचा कागद हाच, कारण मोडलेली अट दाखवता आली की अर्धं काम झालं. जोडीला शेताचा उतारा, तारखेसह फोटो, दवाखान्याचे किंवा पशुवैद्यकाचे कागद आणि ग्रामपंचायतीचा ठराव ठेवा.

अर्ज बाधित व्यक्ती, जमीनमालक किंवा संघटना करू शकते. प्रश्न एकट्याच्या विहिरीपुरता न मांडता गावाचा म्हणून मांडा. कर्नाटकाचे अर्ज चेन्नईच्या दक्षिण खंडपीठाकडे जातात. वकील नसला तरी स्वतः बाजू मांडता येते. भरपाई मागत नसाल तर शुल्क 1000 रुपये. मागितली तर रकमेच्या एक टक्का, पण किमान 1000. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही.

मुदत मात्र कडक आहे. हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम 14 खाली वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, आणि सबळ कारण असेल तर फार तर आणखी 60 दिवस. भरपाईसाठी पाच वर्षं. मंडळाच्या उत्तराची वाट पाहण्यात हे सहा महिने घालवू नका.

फवारणीच्या औषधाची तक्रार असेल तर वाट वेगळी. हरित न्यायाधिकरण ज्या कायद्यांखालचे वाद ऐकतं, त्या यादीत कीटकनाशक कायदा 1968 नाही. ती तक्रार रयत संपर्क केंद्रामार्फत (कृषी खात्याचं स्थानिक केंद्र) कृषी खात्याकडे द्या. माणसांना किंवा जनावरांना धोका वाटला तर चौकशी चालू असतानाच 60 दिवसांपर्यंत विक्री थांबवण्याचा अधिकार कलम 27 ने सरकारला दिला आहे.

आणि भाषेचं. मंडळाकडची किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडची तक्रार मराठीत देण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 350 ने दिलेला आहे. अर्जात त्या कलमाचा उल्लेख करा. चेन्नईचं कामकाज मात्र इंग्रजीत चालतं, म्हणून मराठी-कन्नड कागदांची इंग्रजी भाषांतरं सोबत जोडा.