घरचा संगणक विज्ञानाच्या कामी कसा आला

परग्रहावरून येणारे रेडिओ संदेश शोधण्यासाठी नासाला मिळणारा निधी अमेरिकी काँग्रेसने १९९३ साली बंद केला. पुढे 'सेटी' म्हणजे परग्रहवासीयांच्या शोधाच्या या क्षेत्रातल्या संशोधकांना देणग्यांवर भागवावं लागलं, आणि महासंगणक तर त्यांच्या आवाक्याबाहेरचाच होता. लोकांच्या घरच्या, रिकाम्या बसलेल्या संगणकांना इंटरनेटवरून कामाचा एकेक तुकडा वाटायचा, या कल्पनेकडे ते वळले, त्यामागे ही चणचण होती.

तसा पहिला मान गणिताचा. जॉर्ज वॉल्टमन यांनी १९९६ मध्ये मर्सेन प्रकारच्या (दोनच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या) अवाढव्य मूळ संख्या शोधण्याचं काम इंटरनेटवरून लोकांत वाटून दिलं आणि त्याच वर्षी नवी संख्या सापडलीही. पण ही कल्पना घराघरांत पोचवली ती १७ मे १९९९ला बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने सुरू केलेल्या 'सेटी अ‍ॅट होम'ने. पोर्तो रिकोतल्या आरेसिबोच्या ३०५ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीवर इतर खगोलशास्त्रज्ञांची निरीक्षणं चालू असताना सेटीचं यंत्र शेजारी बसून निमूटपणे नोंद करत असे. नोंदीच्या ३५ गिगाबाइटच्या टेप टपालाने बर्कलीला जात. तिथे त्यांचे जेमतेम १०७ सेकंदांचे, साधारण ०.३५ मेगाबाइटचे तुकडे पाडले जात. मोडेमच्या त्या काळातही एवढा तुकडा सहज उतरवता येई आणि मग संगणक कित्येक तास त्यावर खपे. मालक जागेवरून उठला की पडद्यावर रंगीत आलेख उमटू लागे. माझ्या मते लोकांना खरं खेचलं ते या आलेखाने, कारण आपलं यंत्र काय करतंय हे डोळ्यांना दिसत होतं. ५० लाखांहून जास्त लोक यात आले.

इतक्या अनोळखी यंत्रांवर भरवसा कसा ठेवायचा? कुणाचा प्रोसेसर मर्यादेपेक्षा वेगाने पळवल्यामुळे चुकत असे, तर कुणी केलेल्या कामाबद्दल मिळणारे गुण वाढवण्यासाठी खोटी उत्तरं पाठवत असे. म्हणून एकच तुकडा किमान दोघांकडे पाठवून उत्तरं जुळतात का ते पाहिलं जाऊ लागलं. सेटीच्याच डेव्हिड अँडरसन यांनी २००२ पासून उभारलेल्या, असं काम वाटण्याच्या 'बॉइंक' या मुक्त प्रणालीत ही पडताळणी मुळातच आहे. हवामान, प्रथिनं, पल्सार (ठरावीक लयीत रेडिओ स्पंद पाठवणारे, वेगाने फिरणारे तारे) अशा कितीतरी विषयांच्या संशोधकांना ती आयती मिळाली. सेटीची सर्वांत मोठी देणगी मी हीच मानतो. परग्रहवासी काही सापडले नाहीत.

मार्च २०२० हा या इतिहासातला विलक्षण महिना. कोविडच्या विषाणूची प्रथिनं कशी हलतात हे पाहण्यासाठी 'फोल्डिंग अ‍ॅट होम' या प्रथिनांच्या अभ्यासाच्या तशाच प्रकल्पाकडे लोकांची रीघ लागली. गेमिंगची ग्राफिक्स कार्डं कामाला जुंपली गेली आणि त्या जाळ्याने सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतक्या आकडेमोडीचा टप्पा ओलांडला. तेव्हाचा जगातला सर्वांत वेगवान महासंगणकही त्यामागे पडला. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला सेटीने नवे तुकडे वाटणं थांबवलं.

'आइन्स्टाइन अ‍ॅट होम' हा असाच प्रकल्प २००५ पासून चालू आहे. आयोवातलं एक जोडपं आणि एक जर्मन स्वयंसेवक यांच्या संगणकांनी आरेसिबोच्या नोंदींतून शोधलेला पल्सार २०१० मध्ये जाहीर झाला. फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यांकडून (पल्सार हे त्यांतलेच) अखंड येणाऱ्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणारे सूक्ष्म तरंग, 'लायगो' या अमेरिकेतल्या वेधशाळेच्या नोंदींत शोधणं हे या प्रकल्पाचं मूळ काम. त्याच जातीची वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढ्याजवळ उभी राहणार आहे.