शून्य नंबरचा पुठ्ठा

सोलापुरी चादरीचा विषय निघाला की ‘तिची नक्षी विणणारं जॅकार्ड यंत्र म्हणजे जगातला पहिला संगणक’ हे वाक्य ठरलेलं. ते चूक आहे. पण प्रोग्रामिंगमधला लूप, म्हणजे तेच काम पुन्हापुन्हा करायला लावणारी सूचना, समजावून सांगायला याहून चांगलं यंत्र नाही, आणि सोलापूरच्या मुलांना ते गावातच बघायला मिळतं.

१८०४ साली फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्डने हे यंत्र आणलं. त्यात भोकं पाडलेले पुठ्ठे असतात. एक पुठ्ठा म्हणजे आडव्या धाग्याची एक ओळ. भोक असेल तिथे सुई आरपार जाते, तिचा हूक जागेवर राहतो आणि वर जाणारी पट्टी त्याला उभ्या धाग्यासकट उचलते. भोक नसेल तर सुई मागे ढकलली जाते, हूक पट्टीतून सुटतो आणि धागा खालीच राहतो. पुठ्ठे दोरीने ओवून शेवटचा पहिल्याला बांधला की माळ झाली. समजा, माळेत ९६ पुठ्ठे आहेत. ती दहा वेळा फिरली की ९६० ओळी विणून होतात.

हेच पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत करताना ९६ पुठ्ठ्यांची यादी करायची, ‘फॉर’ लूप लावायचा आणि आकड्यांची रांग देणाऱ्या ‘रेंज’च्या कंसात ९६० लिहायचं. आकडे मिळतात ० ते ९५९. नवशिके इथेच गोंधळतात, कारण ९६० येतच नाही! पण गंमत बाकीत आहे. ओळीच्या क्रमांकाला ९६ने भागा. उरेल ती बाकी म्हणजे पुठ्ठ्याचा नंबर. ओळ ० ला पुठ्ठा ०, ओळ ९५ ला पुठ्ठा ९५ आणि ओळ ९६ ला पुन्हा ०. माळ आपोआप फिरली. एकपासून मोजलंत तर ९६व्या ओळीची बाकी शून्य येते आणि त्या नंबरचा पुठ्ठाच नसतो. मग आधी एक वजा करा, बाकी काढा, पुन्हा एक मिळवा. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ साली शून्यापासून मोजायच्या पद्धतीचीच बाजू मांडली: सुरुवात धरायची, शेवट वगळायचा. मग शेवटातून सुरुवात वजा केली की थेट संख्या मिळते. ० ते ४८० आणि ४८० ते ९६० असे दोन तुकडे केले तरी एकही ओळ दोनदा येत नाही, एकही सुटत नाही.

याउलट रेंजमध्ये १ आणि ९६० लिहिलंत तर ओळी ९५९च होतात. पहिल्या फेरीत शून्य नंबरचा पुठ्ठा गळतो, पुढच्या नऊ फेऱ्यांत मात्र बरोबर येतो. म्हणून ही चूक चटकन सापडत नाही. प्रोग्राममध्ये लूपच्या आतली सूचना चार जागा सोडून लिहायची. लूपमध्ये ती एकटीच असेल आणि तसं केलं नाही, तर पायथन चूक दाखवून थांबतं; तिच्या आधी लूपमध्ये दुसरी सूचना असेल तर ती लूपबाहेर जाते आणि शेवटी एकदाच चालते.

पुठ्ठ्यांची माळ कसलीही अट तपासत नाही, म्हणून मी तिला संगणक म्हणत नाही. ‘व्हाइल’ लूप दर फेरीला अट तपासतो. पण अट चुकली तर तो थांबत नाही. कंट्रोल आणि सी दाबून तोडावा लागतो. लांबी शून्यापासून ०.१ मीटरने वाढवत ‘बरोबर १ होईपर्यंत’ अशी अट घातलीत तर हमखास हेच होतं. ०.१ हा अपूर्णांक संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) पद्धतीत नेमका मावत नाही, त्यामुळे दहा वेळा मिळवून ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं आणि लूप १ ओलांडून पुढे पळतो. लांबी सेंटिमीटरमध्ये, पूर्णांकात धरा: दहा-दहा करत शंभरपर्यंत.