महिना ते अकरा महिने: बंद फ्लॅटच्या मालकांसाठी माहिती

मुलं पुण्याला किंवा परदेशात आणि ताराबाई पार्कातला फ्लॅट कुलपात, अशी घरं आता कोल्हापुरात गल्लोगल्ली आहेत. आम्ही अशा फर्निचरसह घरांत पाहुणे ठेवतो आणि घराकडे बघतो. मुक्काम महिन्यापेक्षा कमी नाही, अकरा महिन्यांपेक्षा जास्त नाही.

येतं कोण? 18 ऑगस्ट 2025 पासून इथं मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं काम सुरू झालं, तेव्हापासून सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गाकडचे वकील घर विचारतात. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत मशिनरी बसवायला आलेले इंजिनिअर असतात. घरचं माणूस दवाखान्यात असलेली कुटुंबंही असतात. लॉजवरचं जेवण या लोकांना पंधरा दिवसांत नकोसं होतं. त्यांना स्वतःचा कुकर लावायचा असतो.

म्हणून आमची पहिली तपासणी स्वयंपाकघराची. कुकरची रिंग आणि शिट्टी, पोळपाट-लाटणं, न चिकटणारा तवा, धार असलेली विळी किंवा सुरी. सोफा कितीही भारी असला तरी तक्रार येते ती मिक्सरच्या भांड्याची! पाहुणा पहिल्यांदा दार उघडतो तेव्हा फ्रिजमध्ये दूध, डब्यात चहा-साखर आणि बाथरूममध्ये गरम पाणी असतं. हे आम्ही आमच्या खर्चानं करतो. रात्री अकराला गिझर बंद पडला तर फोन आम्हाला येतो, तुम्हाला नाही.

नवरात्रात बरेच मालक विचारतात, ‘रोजावर का देत नाही?’ अंबाबाईच्या दर्शनाच्या गर्दीत रोजचा दर डोळ्यात भरतो, हे खरं. पण रोज नवी माणसं, जिन्यात बॅगा आणि सेक्रेटरींचे फोन! नऊ दिवसांच्या कमाईपायी सोसायटीशी वर्षभराचं वाकडं आम्हाला परवडत नाही.

कागदपत्रांत आम्ही सूट देत नाही, पाहुणा ओळखीतला असला तरी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार) लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जाऊ शकतं. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के आहे. महिना 20,000 भाड्याच्या सहा महिन्यांच्या कराराला ते साधारण 300 रुपये होतं. एवढ्यासाठी नोटरीवर भागवणं शहाणपणाचं नाही. मुदत संपूनही माणूस हलला नाही, तर कलम 24 प्रमाणे दुप्पट दरानं भरपाई मागता येते. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती आम्हीच देतो. पाहुणा परदेशी असेल तर 24 तासांच्या आत परदेशी नागरिकांच्या नोंदणी अधिकाऱ्याकडेही त्याची माहिती भरतो.

चावी देताना आणि घेताना लाईट मीटरच्या रीडिंगचा फोटो काढतो. वापराचं बिल पाहुण्याचं, मेन्टेनन्स आणि घरफाळा तुमचा.

आता पाण्याचं. 2019 आणि 2021 चा पूर ज्यांच्या पार्किंगमध्ये आला, त्यांनी तो सांगून टाकावा. तळमजला पूरपट्ट्यात असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही तिथं नवा पाहुणा ठेवत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. इशारा पातळी गाठण्याआधीच पाहुण्यांच्या गाड्या उंचावर हलवायला लावतो.

आमची फी जमा भाड्याच्या 15 टक्के. घर रिकामं असेल त्या महिन्यात काही नाही. 1,000 रुपयांपर्यंतची दुरुस्ती न विचारता करून पावती पाठवतो, त्यापुढचं तुमच्या होकारानंतर.

पहिल्या भेटीला इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा), ताजं लाईट बिल, सोसायटीचं ना हरकत पत्र आणि चाव्यांचे सगळे जोड आणा. गिझर-फ्रिजची वॉरंटी कार्डं सापडली तर तीही.