ब्लू लेक, माउंट गॅम्बियर

दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यातल्या माउंट गॅम्बियर शहराला अगदी लागून असलेला गोड्या पाण्याचा तलाव. ज्वालामुखीच्या जुन्या विवरात तयार झालाय, खोली ७० मीटरच्या आसपास, आणि स्थानिक बोअंडिक लोकांच्या भाषेत त्याचं नाव वारवार. फेमस कशासाठी तर हिवाळ्यात करडा, पोलादी दिसणारा हा तलाव नोव्हेंबरच्या सुमारास बघता बघता गडद निळा व्हायला लागतो (तिकडे तेव्हा उन्हाळा तोंडावर असतो) आणि मार्च-एप्रिलपर्यंत तसाच राहून मग परत करडा होतो, दरवर्षी न चुकता.

आकाशाचं प्रतिबिंब पडतं म्हणून निळा, असं बरेच जण सांगून मोकळे होतात. पण हिवाळ्यात लख्ख ऊन पडून आकाश निळंशार असलं तरी पाणी करडंच दिसतं, मग ते कसं काय?

खरी गंमत चुन्यात आहे. तलावाला येऊन मिळणारी नदी नाही, पाणी येतं ते मुख्यतः जमिनीखालच्या चुनखडीच्या खडकातून झिरपत, त्यामुळे त्यात कॅल्शियम कार्बोनेट भरपूर विरघळलेलं. वरचं पाणी तापून २० अंशांच्या आसपास गेलं की कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कॅल्शियम कार्बोनेट विरघळलेलं राहू शकत नाही, त्याचे कॅल्साइट नावाचे अतिसूक्ष्म स्फटिक तयार होतात. बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर धरतो ना, तोच प्रकार, फक्त इथे कण इतके बारीक की काही काळ पाण्यात तरंगत राहतात. शुद्ध पाणी मुळातच लाल प्रकाश शोषून घेतं, उरतो निळा, आणि तो हे कण विखरून परत वर पाठवतात. शिवाय कुजलेल्या पालापाचोळ्यातून आलेली पिवळट-तपकिरी द्रव्यं, जी निळा प्रकाश गिळतात, ती या स्फटिकांना चिकटून तळाशी जातात. म्हणजे चुना पाणी गढूळ करत नाही, उलट साफ करतो! उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो त्याचीही थोडी मदत होते.

थंडी पडली की वरचं पाणी गार आणि जड होऊन खाली जातं, सगळा तलाव वरखाली ढवळला जातो, ती पिवळट द्रव्यं पुन्हा वर येतात, नवे स्फटिक बनत नाहीत, आणि निळाई गेली.

आपल्या लोणारशी याची गल्लत नको. २०२० च्या जूनमध्ये लोणार गुलाबी झालं ते खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे, इथे मेन काम चुन्याचं.

माउंट गॅम्बियरच्या नळांना पाणी याच तलावातून जातं, आणि उपशामुळे व कमी पावसामुळे त्याची पातळी शंभर वर्षांपूर्वीपेक्षा बरीच खाली गेलीय.