‘तुमचा वाघ घेऊन जा’

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडच्या गावांत बोलताना बिबट्याला कुणी बिबट्या म्हणत नाही. तो ‘वाघ’च. आणि शेळी गेली, वासरू गेलं की फॉरेस्टवाल्यांना ऐकावं लागणारं वाक्यही ठरलेलं: “तुमचा वाघ घेऊन जा.” यातला ‘तुमचा’ फार जुना नाही. तो कसा आला, हे पाहिलं की आजच्या चिडीचा बराच उलगडा होतो.

सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना वाघ आधी देव होता. पालघर, ठाणे आणि मुंबई उपनगरांत वारल्यांची वाघोबाची दीडशेहून अधिक ठाणी अभ्यासकांनी नोंदवली आहेत. लाकडाच्या फळीवर किंवा दगडावर वाघ, वर चंद्र-सूर्य, अंगभर शेंदूर. घाटावर नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातले महादेव कोळी दिवाळीच्या तोंडावर वाघबारस करतात. गुराखी रानातच खीर शिजवून नैवेद्य दाखवतात. हा सरळ सौदा आहे. वर्षाचा मान आम्ही देतो, गुराढोरांकडे तू बघू नकोस. मान चुकला आणि गाय गेली, तर बोल स्वतःलाच. हल्ली या रिवाजाला ‘सहजीवन’ म्हणून गोंजारलं जातं, पण त्यात प्रेमापेक्षा भीतीच जास्त आहे. फरक एवढाच, की भीती गावाची होती आणि तिच्यावरचा तोडगाही गावाचाच.

इंग्रजांनी त्यात पैसा आणला. वाघ, बिबटे, लांडगे हे उपद्रवी प्राणी ठरले आणि मारेल त्याला इनाम मिळू लागलं. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशभरात दीड लाखाहून अधिक बिबटे मारले गेल्याचा इतिहासकारांचा हिशेब आहे. मग १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काटा उलटा फिरवला. बिबट्या पुढे पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या परिशिष्टात गेला. तो माणसाच्या जिवावर उठला असेल किंवा बरा न होण्याइतका जखमी-आजारी असेल, आणि त्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा हलवणं शक्य नसेल, तरच मारता येतो. तेही मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी आदेशाने. त्यांचं कार्यालय नागपुरात. प्राणी वाचवायला हा कायदा हवाच होता. पण शिवारातल्या वाघाचा फैसला शेकडो किलोमीटरवरच्या सहीवर गेला आणि ‘तुमचा’ हा शब्द तिथेच रुजला.

त्याच काळात शिवारही बदललं. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ही धरणं झाली, कालवे आले आणि बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. आडसाली ऊस दीड वर्ष शेतात असतो. आत सावली, गारवा, जवळ पाणी. बाहेर वस्त्यांवर कुत्री, शेळ्या, डुकरं. बिबट्याच्या मादीला पिलं घालायला याहून चांगली जागा कोणती? तोडणीच्या हंगामात फडात बछडे सापडतात. वनखात्याची माणसं ते त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात, रात्री मादी येऊन त्यांना उचलून नेते. बऱ्याचदा शेजारच्या, अजून न तुटलेल्या फडात.

या बिबट्यांच्या कित्येक पिढ्यांनी जंगल पाहिलेलं नाही. सरकारी कागदावर मात्र ते जंगलातून ‘भरकटलेले’च राहिले. त्यामुळे उपायही ठरलेला: पिंजरा लावा, आत शेळी बांधा, धरा आणि जंगलात सोडा. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात बरेच बिबटे असे धरून चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नंतर हिशेब मांडला. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. या काळात ते सतरावर गेले. अनोळखी मुलुखात टाकलेलं, बिथरलेलं जनावर घराकडे निघतं आणि वाटेत माणसं लागतात. इकडे मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या शिरतो. जुन्नरकरांनी हे आकडे येण्याआधीच ओळखलं होतं. प्रत्येक गावाला संशय, की शेजारच्या तालुक्यातला बिबट्या आपल्या हद्दीत आणून सोडतात.

घराची ओढ काय असते ते ‘आजोबा’ने दाखवलं. २००९मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या या म्हाताऱ्या नराला जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं. महामार्ग, रेल्वेमार्ग, खाडी ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून तो मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे पोचला. २०११मध्ये गाडीच्या धडकेत गेला. अकोले तालुक्यातल्या खोऱ्यात तर, जिथे चौरस किलोमीटरला साडेतीनशेवर माणसं राहतात, कॅमेऱ्यांनी दर शंभर चौरस किलोमीटरमागे पाचेक प्रौढ बिबटे टिपले. खाणं मुख्यतः कुत्र्यांचं आणि पाळीव जनावरांचं. २०११मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढून ‘धरा आणि सोडा’वर लगाम घातला. पिंजऱ्याची मागणी काही थांबली नाही. पिंजरा आला की सरकार आलं असं गावाला वाटतं, आणि राजकारण्यांनाही तेच दाखवायचं असतं. मग धरलेल्यांतल्या काहींचं उरलेलं आयुष्य माणिकडोहच्या निवारा केंद्रात जातं.

आणखी एक गोष्ट बातमीत मागे पडते. झळ सगळ्यांना सारखी बसत नाही. बागायतदाराच्या बंगल्याला दार आहे, कंपाउंड आहे. ऊसतोड कामगाराची कोपी फडालाच लागून असते आणि मूल पाचटावर निजलेलं. मेंढपाळ धनगराचा वाडा म्हणजे रानात जाळी लावून केलेला आडोसा. मृत्यूनंतरची मदत आता २५ लाखांवर गेली आहे, पण मेंढीच्या पंचनाम्यासाठी थांबायचं तर मुक्काम मोडता येत नाही.

२०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूरच्या पिंपरखेड परिसरात वीसेक दिवसांत तीन जीव गेले, त्यांत दोन लहान मुलं. लोकांनी वनखात्याची गाडी जाळली, पुणे-नाशिक महामार्ग अडवला. एक बिबट्या गोळी घालून मारण्यात आला. बायका गळ्याला खिळ्यांचे पट्टे बांधून शेतात जाऊ लागल्या. मग माद्यांच्या नसबंदीच्या प्रयोगाला केंद्राने मान्यता दिली, बिबट्याला पहिल्या परिशिष्टातून काढण्याची मागणी झाली आणि डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनावेळी वनमंत्र्यांनी भरपाईपेक्षा जंगलात शेळ्या सोडण्याची कल्पना मांडली. जंगलात! पन्नास वर्षांनंतरही बिबट्याचा पत्ता तोच.

गावकऱ्यांची एक मागणी मात्र वनखात्याच्या कक्षेतच येत नाही: शेतीला दिवसा थ्री-फेज वीज द्या. पाळीची वीज रात्री आली की बारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, अंधारातच उसात शिरावं लागतं. हातात बॅटरी, मोबाइलवर मोठ्याने लावलेलं गाणं, आणि मोटर बांधावरून दोनशे पावलांवर.